बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या बलाढ्य इंग्रजांना अमेरिकेतल्या या वसाहतवाल्यांनी स्वातंत्र्ययुद्धात हरवलं तरी कसं?" पोरांच्या गोंधळात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

शनिवारी आम्ही फिलाडेल्फियाजवळच्या व्हॅली फोर्जला, त्या युद्धातल्या छावणीच्या जागी, जाऊन आलो. तिथे लढाई झालीच नाही. डिसेंबर १७७७ मध्ये वसाहतींचा सेनापती वॉशिंग्टन सुमारे १२,००० माणसं घेऊन तिथे उतरला आणि जूनपर्यंत त्यातली जवळजवळ २,००० रोगराईनं गेली. तेव्हासारख्या झोपड्या आता पुन्हा उभारल्यात. आई, आपल्या जुन्या स्वयंपाकघराएवढी जागा आणि त्यात बाराजण! भिंतीला निजायला एकावर एक फळ्या, ओंडक्यांच्या फटींत चिखल लिंपलेला, एका बाजूला चूल. मी कितीतरी वेळ तिथून हललेच नाही.

मला विचाराल तर युद्ध तिथेच जिंकलं. वॉशिंग्टन लढाया जिंकला त्याहून जास्त हरला. न्यूयॉर्क गेलं, फिलाडेल्फिया गेलं, पण फौज त्यानं मोडू दिली नाही. इंग्रजांना माणसं, दारूगोळा, सगळं समुद्रापलीकडून आणावं लागे. शहरं घेतली तरी मुलूख हाती येईना. साराटोगाला त्यांची अख्खी फौज शरण आली, तेव्हा फ्रान्स उघड मदतीला उतरला. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला फ्रेंच आरमारानं समुद्राची वाट अडवली, म्हणून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस सापडला. मला सलतं ते एकच, या स्वातंत्र्यात गुलाम मात्र गुलामच राहिले.

बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून वडगावच्या विजयस्तंभाकडे न्यायचात, ते सारखं आठवत होतं. ते साल १७७९, म्हणजे याच युद्धाच्या ऐन मध्यावर. पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी आपलं तळेगाव पेटवलं आणि ते माघारी फिरल्यावर वडगावात कोंडलं. आपल्या घराखालची माती तेव्हा जळली असेल, हे मला इतक्या लांब येऊन उमगलं.

आणि तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला. १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, त्याची कबर तिथेच आहे. आई, तुझी काशी राहिलीय ना? गाझीपूर तिथून जवळ आहे. डिसेंबरात मी आले की तिघं जाऊ. बाबांच्या गुडघ्याला झेपेल असा बेत मी आखते, तोवर चढउतार कमी करा.

तुमची,
मनू