दूध उकळून सीझियम जात नाही हो

संपादक साहेब,

परवा राजवाड्याजवळ दुधाच्या दुकानात उभी होते, कढईत दूध आटत होतं अन् एक काका ठासून सांगत होते की चेर्नोबिलसारखा अणुभट्टीचा अपघात झाला तरी दूध तीनदा उकळायचं, झालं! अहो काका, उकळून जंतू मरतात, पण अशा अपघातात चाऱ्यावाटे दुधात उतरणारं सीझियम हे किरणोत्सर्गी द्रव्य नाही मरत. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर नॉर्वेत गाई-शेळ्यांना प्रशियन ब्लू म्हणजे चक्क निळा रंग खाऊ घातला, तो पोटातच सीझियमला धरतो अन् शेणावाटे बाहेर काढतो, मग दुधात कमी उतरतं. दुधात येणारं दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य, आयोडीन-131, तर 8 दिवसांत निम्मं होतं, म्हणून त्या दुधाची पावडर करून दोन-तीन महिने ठेवली की काम भागतं, सीझियम-137 ला मात्र निम्मं व्हायलाच 30 वर्षं. अन् लोणी काढलं तर बहुतेक सीझियम ताकात जातं, तुपात फारसं येतच नाही.

एक वाचक, इंदूर