तीन राईट मारून घरी

प्राजू,

काल फोनवर तू हसत हसत बोललीस ते रात्रभर डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय. आई म्हणती व्हॉइस मेसेज टाका की, पण बोलताना मी चिडतो आणि मग तू "पप्पा ठेवतो" म्हणून फोन ठेवतीस. (अमेरिकेत मिशिगनात जाऊन दोन वर्षं झाली तरी पोरगी अजून आपल्या कोल्हापूरसारखं "ठेवतो, जेवतो, येतो"च बोलती हे ऐकून बरं वाटतं, ते सोडू नकोस.)

तर तू म्हणालीस, "पप्पा मी लेफ्ट टर्न घेतच नाही, तीन राईट मारून येतो." (तीनदा उजवीकडं वळलं की तोंड डावीकडंच होतं.) आईला वाटलं कायतरी भयंकर केलंस. मला तसं काय वाटलं नाही, उलट अक्कल आहे म्हटलं. तिकडं ती यूपीएस कंपनी आहे ना, पार्सलवाली, तपकिरी ट्रक असतात, त्यांचे रूटसुद्धा होईल तेवढे लेफ्ट टाळूनच आखतात, लेफ्टला थांबून राहण्यात टाइम जातो, डिझेल जळतं आणि ठोकाठोकीची भीती वेगळी. तेव्हा लाजायचं काय कारण नाही. पण रोज ऑफिसला जाताना असं किती दिवस फिरणार, कधीतरी घ्यावाच लागणार की.

पहिली गोष्ट, तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून तिकडचा लेफ्ट म्हणजे आपला राईट. हे तुला माहीत आहे पण अंगात उतरलेलं नाही. तू इथं सहा वर्षं स्कुटी फिरवलीस, डावीकडं वळणं म्हणजे कडेकडेनं सुळकन जाणं, ते तिकडं उजवीकडं गेलं. आणि दाभोलकर कॉर्नरला उजवीकडं वळताना समोरच्या सगळ्या ट्रॅफिकच्या छाताडावरनं जावं लागतं ते तिकडं डावीकडं आलं. म्हणजे "लेफ्ट" ऐकलं की तुझा हात निवांत होतो आणि डोळे घाबरतात. मागच्या साली तिकडं आलो होतो तेव्हा शेजारी बसून बघितलंय मी, ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबून दाबून माझी पोटरी दुखायला लागली होती.

आता सिग्नलचं. हिरवा बाण असला की समोरच्यांना लाल असतो, वळण तुझं, तरी एक नजर टाकायचीच, लाल तोडणारा जगात सगळीकडं असतो. गोल हिरवा दिवा असला की भानगड सुरू, कारण तो समोरच्यालाही हिरवाच असतो आणि सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि तो पिवळा बाण लुकलुकतो त्याला तू घाबरतीस, त्याचा अर्थ एवढाच की वळू शकतेस पण समोरच्यांना आधी सोडून. २००९ पासून तो त्यांच्या सिग्नलच्या नियमात आहे, मी वाचून काढलं. आपल्याकडंही कायद्यानं राईटला वळणाऱ्यानं समोरच्याला आधी सोडायचं असतंय, पण आपण नाक आधी घालतो आणि मग समोरच्याकडं बघतो. ही सवय कस्टममध्येच जमा करून यायला पाहिजे होती.

गॅप किती पाहिजे हे तू विचारलंस. मी लेथवरचा माणूस, अंदाजपंचे मला जमत नाही, म्हणून हिशेब केला. ४५ मैलाचा रस्ता म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. तू थांबलेली आहेस, तिथनं गाडी उठून समोरच्या दोन लेन पार करायला पाच-सहा सेकंद आरामात जातात. तेवढ्यात समोरची गाडी १२० मीटर आली. १२० मीटर म्हणजे आपल्या दारातनं तालमीपर्यंत आणि वर थोडं. ती गाडी त्याच्या अलीकडं दिसली की जाऊ द्यायची, विषय संपला. चालत जाताना जिथं पळत रस्ता ओलांडावा लागेल असं वाटतं तिथं गाडीनंही गॅप नाही समज. मोटरसायकल असली तर अजून जादा सोड, ती बारीक दिसती म्हणून लांब वाटती. बर्फात तर दुप्पट धर, कारण मधोमध जाऊन ॲक्सिलरेटर दाबलास आणि चाक जाग्यावर फिरलं तर तिथंच अडकशील.

आणि थांबताना चाकं सरळ. हे मी तीनदा लिहिलं असतं पण एकदाच लिहितो, नीट वाच. थांबलेली असतानाच स्टेअरिंग डावीकडं वळवून ठेवायची सगळ्या नवख्यांना खोड असती, आपण तयार आहोत असं वाटतं. मागनं कुणी ठोकलं तर गाडी चाकं जिकडं आहेत तिकडंच ढकलली जाती, म्हणजे थेट समोरून येणाऱ्यांच्या पुढ्यात. चाकं सरळ असतील तर सरळ ढकलली जाशील, बंपर जाईल फक्त.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. तू तिसरीत असशील. आपली मारुती ८०० होती, मी उद्यमनगरातनं येताना राईटला वळायला थांबलेलो, समोर एक बस. बसवाला भला माणूस, थांबला, हात केला, या या. मागं एकजण हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं वा, आणि निघालो. बसच्या पलीकडच्या अंगानं एक पोरगा मोटरसायकलवर आला, त्याला बसमुळं मी दिसलो नाही आणि मला तो. दरवाज्यावर आदळला. हाडं शाबूत राहिली त्याची, जोतिबाची कृपा, पण गुडघा सोललेला बघून मला रस्त्यातच मळमळायला लागलं. घरी आईला सांगितलं गाडी गेटला घासली. (आई आता हे वाचणार आहे, वाचू दे.) हात करणारा माणूस स्वतःच्या लेनपुरता बोलतो, पलीकडच्या लेनचं त्याला काय माहीत. तिकडं तर लोक लय सभ्य, ऊठसूट हात करतात. आपण हसून मान हलवायची आणि जाग्यावर राहायचं. समोर लेफ्ट घ्यायला मोठा ट्रक थांबलेला असला तरी तेच, त्याच्या मागची लेन दिसेपर्यंत हलायचं नाही.

मागच्याच्या हॉर्नचं मात्र तुला सगळ्यात जास्त लागतं, मला माहीत आहे, लहानपणापासून कुणी "चल लवकर" म्हटलं की तुझ्या हातातलं पडतं. मागच्याला समोरचं दिसत नसतं, त्याला फक्त तुझी डिकी दिसती. दोन हॉर्न मारून गप्प बसतो. कावळा नाक्याला अर्धा तास उभारलेली पोरगी तू, अमेरिकेतल्या हॉर्नला काय घाबरतीस.

वळताना डाव्या खांबाकडं बघ, काचेच्या बाजूचा तो खांब. तू डावीकडं बसतीस आणि डावीकडंच वळतीस, तेव्हा झेब्रावरचा माणूस बरोबर त्या खांबामागं लपतो. तुला गोल हिरवा मिळतो तेव्हाच त्या पादचाऱ्यालाही चालायचा सिग्नल मिळालेला असतो आणि तो आपल्या लोकांसारखा हात दाखवत, चारीकडं बघत येत नाही, खाली फोनमध्ये बघत सरळ चालतो. मान पुढं-मागं कर जरा. वळून झालं की जवळच्या डाव्या लेनमध्येच जायचं, आपल्यासारखं रुंद वळून थेट कडेला नाही.

तुमच्या त्या दुभाजकवाल्या मोठ्या रस्त्यावर चौकात लेफ्टच नाही, सरळ पुढं जायचं, दुभाजकातल्या कटमधनं यू-टर्न मारायचा आणि परत येऊन उजवीकडं. मिशिगन लेफ्ट म्हणे, १९६० च्या दशकापासून आहे. मला बघून हसू आलं, आपण गर्दीत हेच तर करतो, फक्त आपल्याला कुणी नाव दिलं नाही. हे मात्र तुला छान जमत होतं.

असं कर, रविवारी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, बाण असलेला एकच चौक धर आणि दहा वेळा वळ. मैत्रिणीला शेजारी बसव, गाणी बंद. मग पुढच्या रविवारी गोल दिव्याचा. बर्फ पडलेला असेल तेव्हा आणि डोकं दुखत असेल तेव्हा तीन राईट मारूनच ये, मी आईला काय सांगणार नाही.

यंदाची चटणी कुटून आणलीय, जरा जहाल झालीय. खालच्या गल्लीतला पोरगा पुढच्या महिन्यात तिकडं शिकायला येतोय, त्याच्याकडं दोन किलो देतो. त्याला आणायला एअरपोर्टला तूच जा. तुझ्या घरापासनं तिथपर्यंत वाटेत लेफ्ट किती आहेत ते मी मॅपवर मोजून ठेवलेत, चार आहेत, त्यातल्या एकाला बाण आहे का ते मला इथनं दिसेना.

तुझा,
पप्पा