चि. बाळास पत्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "आई, एक मिनिट थांब" म्हणाला असतास आणि माझं बोलणं तिथंच राहिलं असतं. म्हणून लिहिते आहे. मी लग्न करते आहे. विशेष विवाह कायद्यानं, साताऱ्याला. त्या कायद्यात नोटीस तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लावतात, आणि वाईचं कुणी ना कुणी रोज साताऱ्याच्या कचेरीत असतंच. तुला बाहेरून कळायला नको.

गेल्या कृष्णाबाईच्या उत्सवात गंगापुरीच्या मांडवात तुला आग्रह करकरून वाढणारे काका आठवतात? तेच. आम्ही १९८१ साली दहावीला एका वर्गात होतो.

तेव्हा आम्हा मुलींना रात्री घराबाहेर पडायची मुभा उत्सवातच मिळायची. देवी आळीआळीनं मुक्काम करायची आणि तिच्यामागून आम्ही दोघं कीर्तनाला. इतकी कीर्तनं ऐकली की बुवांना आम्ही फार धार्मिक वाटत असू. बोलणं जवळजवळ नाहीच. कीर्तन संपायच्या आधी तो उठायचा आणि चपलांच्या ढिगातून माझ्या चपला शोधून कडेला ठेवायचा. एवढंच. पण ते दादानं पाहिलं. जात वेगळी होती, त्यामुळे घरात चर्चासुद्धा झाली नाही. पुढं स्थळं पाहून मला सांगलीला दिलं.

मी काही जन्मभर झुरत बसले नाही. तुझे बाबा चांगले होते आणि त्यांच्याबरोबरचा संसार मी मनापासून केला. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही.

ते गेल्यावर आजीसाठी मी वाईला आले. काकांची बायकोही तोवर गेली होती. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. भेट झाली बँकेत, नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या गर्दीत. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून माझा फॉर्म त्यांनी वाचून दाखवला. 'मी पुनर्विवाह केलेला नाही' ही ओळही त्यांनीच वाचली, जरा घाईघाईनं.

या वयात काय असतं, असं सूनबाई विचारेल. आम्ही संध्याकाळी कधी मेणवलीपर्यंत जातो. तिथली घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली, हे ते मला दर वेळी नव्यानं सांगतात. मास्तरच ते! मी ऐकते. माझ्या गुडघ्याचं रडगाणं ते ऐकतात. फिटंफाट.

आता व्यवहाराचं. बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीची जी पेन्शन मला मिळते ती लग्नानंतर बंद होईल, तसा नियमच आहे. रक्कम मोठी नाही, भागेल. सांगलीच्या घरात तुझा आणि माझा सारखा वाटा आहे आणि विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिला मिळालेला वाटा जात नाही. मी वकिलांना विचारलं. तुझ्या मामानं मला आडून आडून सुचवलंय की माझा वाटा आताच तुझ्या नावावर करून टाकावा, म्हणजे लोक बोलणार नाहीत. तो मी करणार नाही. माझ्यामागं तो तुलाच यावा असं मृत्युपत्र करते आहे, पण मी असेपर्यंत तो माझा. काकांचं घर त्यांच्या मुलीचं, हेही आमचं ठरलंय.

बाबांचा फोटो माझ्याबरोबर येईल. त्यासाठी भिंतीवर खिळा काकांनी आधीच ठोकून ठेवलाय. जरा तिरका ठोकलाय, पण तो आपण नीट करू.

परवानगी मागत नाही आहे, राग आला तर येऊ दे. पण सह्यांना तीन साक्षीदार लागतात. एक त्यांची मुलगी, एक माझी मैत्रीण, तिसरं नाव मी तुझं धरलंय. यायचं असेल तर आधार कार्ड बरोबर आण आणि रजेचं आतापासून बघ. नसेल यायचं तर तसं सरळ कळव, म्हणजे दुसरं कुणी बघता येईल.

सूनबाईला आणि छकुलीला आशीर्वाद.

तुझी,
आई