तो रडला नाही म्हणून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच लेखक अल्बेर कामूच्या 'द आउटसायडर' या कादंबरीवर लेख होता, त्यात म्हटलंय की आईच्या मरणाचंही ज्याला काही वाटत नाही अशा थंड माणसाबद्दल वाचकाला माया वाटावी तरी का. वाचून राहवलं नाही, कारण मला वाटते.

माझे वडील गेले तेव्हा मी रडले नाही. डॉक्टरांचा दाखला, नातेवाईकांना फोन, स्मशानात लाकडांची सोय, सगळं मीच बघत होते आणि डोळ्यातून पाणी म्हणून येईना. दहाव्याला स्वयंपाकघरात दोघी बोलत होत्या, पोरगी दगडाची आहे म्हणून, ते अजून मनातून जात नाही. काही महिन्यांनी हे पुस्तक हातात आलं आणि 1942 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीचा नायक, अल्जिअर्समधला मर्सो, मला पहिल्या पानापासून आपला वाटला.

खटला त्याच्यावर खुनाचा आहे, पण कोर्टात जास्त चर्चा कशाची, तर आईच्या शवपेटीपाशी बसून दूध घातलेली कॉफी प्यायला, सिगारेट ओढली, अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी पोहायला गेला आणि मारी या मैत्रिणीबरोबर फर्नांदेल या नटाचा विनोदी सिनेमा बघितला. आईच्या वृद्धाश्रमातले मित्र पेरेझ साक्षीला येतात, सरकारी वकील विचारतो याला रडताना पाहिलंत का, ते म्हणतात नाही, मग बचावाचा वकील विचारतो न रडताना पाहिलंत का, त्यालाही नाहीच, कारण ते स्वतःच इतके दुःखात होते की अंत्ययात्रेत चक्कर येऊन पडले होते. आणि कोर्टातले लोक हसतात! कामूने 1955 साली एका प्रस्तावनेत लिहिलंय की हा माणूस खोटं बोलायला नकार देतो, म्हणजे वाटतं त्यापेक्षा जास्त बोलत नाही. मला ते शंभर टक्के पटतं.

आणि त्याला काहीच वाटत नाही हे तर मुळात चूक आहे. शेजारच्या म्हाताऱ्या सालामानोचा कुत्रा हरवतो, ज्याला तो रोज शिव्या घालायचा आणि मारायचा, आणि रात्री भिंतीपलीकडून बारीक आवाज येतो, म्हातारा रडत असतो. मर्सो म्हणतो, का कुणास ठाऊक मला आई आठवली. मग लगेच, सकाळी लवकर उठायचं होतं, भूक नव्हती, न जेवताच झोपलो. बस, एवढंच. ज्यांना दुःख रडण्यातच दिसतं त्यांच्या नजरेतून हे वाक्य सुटतं. मी ते तीनदा वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले, कारण वडील गेल्यावर मलाही कितीतरी रात्री जेवण जात नव्हतं आणि ते कुणाला दिसलं नव्हतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्या वाचनात मी मर्सोच्या बाजूने इतकी गुंतले की समुद्रकिनाऱ्यावर त्याने ज्याला आधी एक आणि मग थांबून आणखी चार गोळ्या घातल्या तो माणूस माझ्या लक्षातच राहिला नाही. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की त्याला नावच नाहीये, नुसता 'अरब'. अल्जेरियात तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं आणि अख्ख्या खटल्यात एकाही अरबाची साक्ष होत नाही. अल्जेरियाच्याच कामेल दाऊद यांनी 2013 साली त्या मेलेल्या अरबाच्या धाकट्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि मेलेल्याला नाव दिलं, मूसा. त्या कादंबरीत त्यालाही आई आहे, जी मुलासाठी आयुष्यभर झुरते.

मर्सोबद्दलची माझी माया यामुळे कमी झालेली नाही, पण आता ते पुस्तक उघडलं की मूसाही आठवतो. तुमच्या लेखात मर्सोच्या थंडपणावर इतकं लिहिलंय, मेलेल्या माणसाबद्दल एक ओळ नाही. पुढच्या एखाद्या रविवारी दाऊद यांच्या कादंबरीवरही लेख द्यावा ही मनापासून विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर