बाबांची बाटली, आईचा डबा

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल बाबा फोनवर सहज बोलून गेले, की नाशिकच्या मॉलमध्ये ती पांढरी रँच ड्रेसिंगची, म्हणजे सॅलडवर ओतायच्या दाटसर सॉसची, बाटली मिळाली. सहज म्हणजे किती सहज ते मला माहीत आहे! फोनवर वाद घातला की तुमची रेंज जाते, म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत एडिसनला होतात तेव्हा दोघांच्या दोन तऱ्हा. आई, मी टोमॅटोचा डबा उघडला की तू नाक मुरडायचीस, "कधीचे शिळे कोण जाणे." आणि बाबा सॅलडवर बाटली उपडी करून बुडावर थापट्या मारायचे, वर म्हणायचे, "पालाच तर खातोय." एकदा मी मुद्दाम वाटी वजनकाट्यावर ठेवली होती. बाबांची एक धार भरली 62 ग्रॅम.

बाटलीवरचे आकडे असतात 2 मोठ्या चमच्यांचे, म्हणजे 30 ग्रॅमचे. माझ्या बाटलीवर होतं 130 कॅलरी, 14 ग्रॅम फॅट, 260 मिलिग्रॅम सोडियम. बाबा, तुमची धार त्याच्या दुपटीहून थोडी वरच. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. इथे ते सव्वा ग्रॅमच्या पुढे जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यातला पाव हिस्सा तुम्ही पाल्यावरच संपवलात, लोणचं-पापड अजून ताटात यायचेत. आणि बीपीची गोळी चालूच.

डब्यातल्या अर्धा कप टोमॅटोत 25च्या आसपास कॅलरी, फॅट जवळपास नाहीच, शिवाय पोटॅशियम आणि थोडं क जीवनसत्त्व. आणि शिळे नसतात गं आई. इथले बहुतेक कॅलिफोर्नियातले. शेतातून ट्रकभर निघाले की कारखान्यात डबाबंद होतात. उष्णता लागल्यामुळे लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचा तो लाल रंग, कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतं. मिठाच्या बाबतीत मात्र डबाही सोवळ्यातला नाही. साध्या डब्यात अर्ध्या कपाला 200 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, 'नो सॉल्ट ॲडेड'मध्ये जेमतेम 15. मी दुसरा आणते. सार अळणी लागायचं त्यात डब्याचा दोष नव्हता, मीच बाबांसाठी हात आखडता घेत होते.

आता बाबांच्या बाजूनेही बोलते. तेलाशी माझं भांडण नाही. लायकोपीन, गाजरातलं कॅरोटीन ही द्रव्यं स्निग्धाशिवाय नीट शोषलीच जात नाहीत. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फॅट-फ्री ड्रेसिंग घातलेल्या सॅलडमधून ती रक्तात जवळजवळ पोचलीच नाहीत. म्हणून उद्या "मग फॅट-फ्री आणतो" म्हणू नका. त्यात बऱ्याचदा साखर वाढवलेली असते. आईची कोशिंबीर काय वेगळी आहे? दही, दाण्याचं कूट, वरून चमचाभर तेलाची हिंग-मोहरीची फोडणी. ड्रेसिंगच ते, फक्त मीठ आपल्या हातात.

आई, तुला डबा आणायची गरजच नाही. पिंपळगावचे टोमॅटो स्वस्त झाले की थोड्या तेलावर शिजवून फ्रीजरमध्ये टाक.

बाटली आणलीच आहे तर फेकू नका, बाबा ऐकणारही नाहीत. चहाच्या चमच्याने एक चमचा, धार नाही. आणि आई, ती फ्रीजमध्ये तुझ्या विरजणाच्या भांड्यामागे ठेव. तिथे हात घालायची बाबांची टाप नाही.

तुमची,
मनू