बेडकाच्या पायाची शाखा कोणती?

मा. उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू.

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मला मराठीतच नीट सुचतं. कन्नड प्रत वेगळी पाठवली आहे. ती गोकाकच्या मावशीनं तपासून दिली, माझं आजोळ तिकडचं. भाषेपायी पत्र बाजूला पडू नये म्हणून हा खुलासा. सीमाप्रश्नाचं यात काही नाही, साहेब. तो अधिवेशनात दोन दिवस गाजतोच.

गेल्या पावसाळ्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, त्यांच्या हातातला कागदच तसा होता. एका सरांनी फायलीतून मान वर न करता विचारलं, "तुमची शाखा कोणती?" मी सांगितलं, बी.ई. मेकॅनिकल, एम.टेक. मटेरियल्स आणि पीएच.डी. जीवशास्त्र विभागातून. प्रबंधाचा विषय, झाडावरच्या बेडकाचा पाय ओल्या जागी कसा धरतो आणि त्यावरून रोबोच्या बोटांना पॅड कसं करता येईल.

सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मेकॅनिकल की झूऑलॉजी?"

"दोन्ही, सर."

"दोन्ही असं नसतं हो, मॅडम. रकाना एकच आहे."

चहा निवायच्या आत मी बाहेर. पुढच्या महिन्यात एका पदवी महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या जागेला अर्ज केला, तर तिथं विचारलं, "एम.एस्सी. कुठाय?" सध्या मी गेस्ट लेक्चरर आहे, पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. ड्रॉइंग शिकवायला मला आवडतं, तक्रार त्याची नाही.

माझा विषय काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. तिकडचा पाऊस आपल्याला माहीत असेलच, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती उगाच नाही. जूनपासून आमच्या न्हाणीच्या भिंतीला बेडूक चिकटलेले असायचे. अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला झाडावरचा बेडूक. भिंत शेवाळलेली, वरून पाणी गळतंय, आजी खराट्यानं ढोसतेय, आणि हा पठ्ठ्या ढिम्म. शेवटी दोन पावलं वर सरकून पुन्हा तिथंच बसायचा. त्याच न्हाणीत माझी रबरी चप्पल रोज घसरायची. हा का घसरत नाही, एवढाच माझ्या पीएच.डी.चा प्रश्न. आई अजून म्हणते, "बेडकाच्या मागं लागून डॉक्टर झालीस व्हय?" ती चेष्टेनं म्हणते, पण खरं तेच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली ती चकती धरली की षटकोनी फरश्या बसवल्यासारखी दिसते. एकेक षटकोन सुमारे १० मायक्रोमीटर रुंद, मधल्या फटी सुमारे १ मायक्रोमीटरच्या. म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत असे पाच-सात षटकोन मावतील. पाय टेकला की खालचं पाणी या फटींतून निघून जातं, मऊ षटकोन भिंतीच्या अगदी जवळ जाऊन बसतात आणि उरलेला पातळ ओलावा पकडीच्याच कामी येतो. मोटारीच्या टायरची नक्षी पावसात हेच करते, फक्त बेडकाची फार बारीक आणि मऊ. शिवाय चालता चालता त्याचे पाय धुऊन निघतात: पाऊल टाकताना ते जरासं घासलं जातं आणि त्या चिकट ओलाव्याबरोबर माती मागं राहते.

आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चला. तिथं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरून उतरलेला जॉब (घडवलेला सुटा भाग) कूलंटनं, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवानं, निथळत असतो. तो उचलताना रोबोचा हात घसरतो म्हणून जास्त आवळायला लावतात, आणि जास्त आवळला की नाजूक जॉबवर वळ उठतो. ओल्या वस्तूला हलक्या हातानं धरणं हा प्रश्न कारखान्यात रोजचा आहे, आणि बेडकानं तो कधीचाच सोडवून ठेवलाय. उद्यमबागेतल्या एका पॅटर्नवाल्यानं, म्हणजे ओतकामाचे नमुने करणाऱ्यानं, मला षटकोनी नक्षीचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा करून दिला. १० मायक्रोमीटर त्याच्या हातात नाही, तो एक मिलिमीटरवर थांबला. त्यात सिलिकॉन ओतून पॅड काढलं, ओल्या काचेवर ठेवलं आणि काच तिरकी करत गेलो. सपाट पॅड कधीच सुटलं, नक्षीचं अजून धरून होतं. पॅटर्नवाले काका काचेकडं बघत म्हणाले, "ह्याला अजून बारीक पाडूया की. किती बारीक पाहिजे सांगा." मुलाखतीच्या समितीनं हा प्रश्न विचारला असता तर मी दोन तास बोलले असते.

या क्षेत्रात जे घडलं ते दोन रकान्यांतली माणसं एका टेबलाशी बसली म्हणूनच घडलं. पालीच्या एका पायावर सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात. त्यातल्या एकाच केसाची ओढ २००० साली मोजली गेली ती केलर ऑटम या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं, पण त्या चमूत इंजिनिअरही होते. पुढं स्टॅनफर्डच्या मार्क कटकोस्की यांच्या प्रयोगशाळेत काचेवर चढणारा 'स्टिकीबॉट' झाला, आणि ती प्रयोगशाळा मेकॅनिकलची. आपल्याच देशातला दाखला द्यायचा तर कौशिक जयराम. आयआयटी मुंबईत मेकॅनिकल, मग अमेरिकेत बर्कली विद्यापीठात जीवशास्त्र विभागातून पीएच.डी. झुरळ ३ मिलिमीटरच्या फटीतून कसं घुसतं यावर त्यांनी तिथले प्राध्यापक रॉबर्ट फुल यांच्याबरोबर काम केलं आणि तसाच चपटा होऊन चालणारा रोबो २०१६ साली जगापुढं ठेवला. पडलेल्या इमारतीत माणसं शोधायला असा रोबो कामाला येईल. पुढं ते अमेरिकेतच कोलोरॅडो विद्यापीठात मेकॅनिकलचे प्राध्यापक झाले. त्यांनी आमच्याकडं अर्ज केला असता तर रकाना एकच आहे, हेच उत्तर त्यांनाही मिळालं असतं.

आणि वारुळाची गोष्ट तर मला रात्री झोपू देत नाही. वाळवीचं वारूळ आत हवा कशी खेळती ठेवतं, याबद्दल बरीच वर्षं चुकीची समजूत होती. २०१५ साली हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या चमूनं ते प्रत्यक्ष मोजलं. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या पातळ पन्हळी (उभे पोकळ कंगोरे) लवकर तापतात, त्यांतून हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री बाहेरचा भाग आधी थंडावतो आणि प्रवाह उलटा फिरतो. पंखा नाही, वीज नाही, दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर सगळा कारभार. मोजलेली वारुळं कुठली? बेंगळुरूची! आमच्याकडं बांधाबांधावर दिसतात त्याच जातीच्या वाळवीची. आपल्या आयआयएससीत, म्हणजे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सिव्हिलचे तेजस मूर्ती आणि परिसरविज्ञानाच्या रेनी बोर्जेस यांनी मिळून याच वाळवीच्या मातीवर काम केलं. वाळवीनं लाळेनं कालवलेली माती साध्या मातीपेक्षा कित्येक पटींनी भक्कम असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे बेंगळुरूत हे होतं. मग बेळगावात का नाही?

खानापूरच्या मातीची कौलं आणि विटा कुठं कुठं गेल्यात, आपल्याला कुणीही सांगेल. खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं केंद्रही खानापुरातच आहे. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा इथूनच माहीत झालं, १९१३ साली. पलीकडं उद्यमबागेत फौंड्री, पॅटर्न, लेथ, सीएनसी, आणि मोल्डिंगची वाळू नुसती मुठीत दाबून ओलावा सांगणारी माणसं. १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावजवळच्या मच्छेत, खानापूर रस्त्यालाच. इकडं जंगल, तिकडं फौंड्री आणि मधे विद्यापीठ. असं जुळून आलेलं गाव शोधून सापडणार नाही. फक्त ही तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत, कारण बोलणाऱ्या माणसाला नेमायला रकाना नाही.

आता नियमाचं. एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, नियम म्हणतो, बी.ई. आणि एम.ई. 'संबंधित शाखेत' हवी. नियम वाईट नाही, उद्या कुणीही उठून पूल बांधायला शिकवू नये. पण 'संबंधित' म्हणजे काय, हे अर्ज छाननारा कारकून पदवीच्या कागदावरचं नाव वाचून ठरवतो, आणि माझं काम कुणी उघडूनही बघत नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, जानेवारी २०२५ मध्ये जो मसुदा काढला, त्यात पदवी एका विषयाची आणि पीएच.डी. दुसऱ्या विषयाची असली तरी पीएच.डी.च्या विषयात शिकवता यावं अशी तरतूद होती. कुलगुरू निवडीवरून आपल्या सरकारनं त्या मसुद्याला विरोध केला. तो वाद मोठ्यांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण भांडणात ते एक कलमही वाहून जाऊ नये, एवढंच म्हणते.

विश्वेश्वरय्या विद्यापीठ राज्याचं आहे, म्हणून आपल्याकडं मागते. अशा दुहेरी कामाच्या उमेदवाराची शाखा संबंधित आहे की नाही, हे छाननीत न ठरवता निवड समितीनं ठरवावं, आणि त्या समितीत एक जीवशास्त्राचा व एक अभियांत्रिकीचा माणूस असावा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन विद्याशाखांतले दोन मार्गदर्शक सहज मिळावेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीला विंचवाच्या नांगीवर काम करायचंय. तिला मी काय सांगू? आधी एक बाजू निवड, मग ये?

पैसे मी मागत नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. एक बरा सूक्ष्मदर्शक आणि बारीक नक्षी पाडायची सोय विद्यापीठात असावी, आणि ती वापरायची मुभा उद्यमबागेतल्या माणसांनाही असावी. पॅटर्नवाले काका अजून विचारतात, "मॅडम, ते बारीक पाडायचं काय झालं?"

माझ्याबरोबर पीएच.डी. झालेले बहुतेक जण बाहेर आहेत. दोघांनी मला बोलावलंयही. आई एकटी असते म्हणून मी इथं आहे, हे खरं कारण. त्याला देशप्रेमाचा मुलामा देत नाही. पण इथं राहिल्यावर कळलं की माझं काम इथंच जास्त चांगलं होईल. बाहेरच्या प्रयोगशाळेत बेडूक काचेच्या पेटीत होता. इथं तो न्हाणीत आहे.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधान सौधमध्ये याल. तिथून खानापूर तासाभराच्या वाटेवर. एक सकाळ काढा. त्या दिवसांत बेडूक दिसायचे नाहीत, ते पावसाचे सोबती. वारूळ मात्र दाखवीन. सकाळी लवकर आलात तर हात लावून बघा, ऊन चढेल तशी बाहेरची पन्हळ मधल्या भागाच्या आधी तापायला लागते. कूलंटनं भिजलेला जॉब आणि माझं एक मिलिमीटरचं पॅडही घेऊन येईन, पकडून बघायला.

दुसऱ्या एका जागेचा अर्ज पुढच्या सोमवारपर्यंत भरायचा आहे. त्यातही 'शाखा' हा रकाना एकच आहे आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढं जात नाही. तिथं काय लिहू, तेवढं आपल्या कार्यालयातून कुणी कळवलं तरी चालेल.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक गेस्ट लेक्चरर