विषय: दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग (त्यातलं पेट्रोल नीट न पेटणं) का होतं ते न शोधताच गाडी तीन वेळा परत दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल संध्याकाळी तुमच्या कॉल सेंटरवरून मला सांगण्यात आलं की माझी तक्रार 'बंद' झाली आहे. कोणी बंद केली? मी केलेली नाही. गाडी चढाला लागली की आजही तशीच झटके खाते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो.

गाडी तुमची आठ सीटर, पेट्रोल, एमएच १५ पासिंग, ३८ हजार किलोमीटर झालेली, वॉरंटीतली. सप्तशृंगी गडावर जाताना आम्ही सात जण होतो. नांदुरी सोडून घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर पिकअप गेला, गाडी थरथरायला लागली. दिवा नुसता लागला नव्हता, तो लुकलुकत होता. याचा अर्थ तुम्हाला मी सांगायची गरज नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. म्हणून मी गाडी हळूहळू नांदुरीला परत आणली आणि सासूबाईंना एसटीने गडावर पाठवलं. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठीच तर मोठी गाडी घेतली होती.

नाशिकला आल्यावर द्वारकेजवळच्या एका मिस्त्रींनी स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. स्क्रीनचा फोटो माझ्याकडे आहे. ते म्हणाले, "ताई, वॉरंटीतली गाडी आहे, मी हात लावत नाही. पण कंपनीवाल्यांना एवढंच करायला सांगा, दोनची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती, तीनवर आणि तीनची दोनवर. कोड ०३०३ झाला तर कॉइल गेली. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन." रस्त्याकडेला उभं राहून त्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं ते तुमच्या वर्कशॉपला तीन खेपांत जमलं नाही.

पहिल्या खेपेला तुमच्या लोकांनी कोड पुसला आणि दिवा गेला म्हणून गाडी परत दिली. पुसण्याआधी फ्रीज फ्रेम लिहून ठेवली का, विचारलं तर उत्तर नाही. दोष आला तेव्हा इंजिनचे आरपीएम किती, लोड किती, तापमान किती, हे सगळं त्यात होतं. तोच पुरावा तुम्ही पुसून टाकलात. दुसऱ्या खेपेला चारही प्लग बदलले आणि बिल मला दिलं. मिसिंग तसंच राहिलं.

तिसऱ्या खेपेचं मात्र सविस्तर लिहिते, कारण ते मला रात्री झोपू देत नाही. इंजेक्टर साफ केल्याचं बिल हातात ठेवून सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, यार्डात चालवून बघितली, एकदम स्मूथ आहे." मी म्हटलं, रिकामी गाडी यार्डात स्मूथच असणार, मिसिंग लोडवर येतं. चढावर ट्रायल घ्या, मी सोबत येते. मग कॉइल अदलाबदल करायचं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे टेक्निकल आहे. तुमच्या मिस्टरांना फोन द्या ना, त्यांना नीट समजावून सांगतो." बाजूला चार ग्राहक बसले होते. माझी मुलगी शेजारी उभी होती. मी अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं तपासणी विभागात काम करते. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय एकही भाग पुढे सोडायचा नाही, हे माझं रोजचं काम आहे. आणि गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. मिस्टरांना फोन मी दिला नाही. तो म्हणाला, "मग दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून बघा." बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "आई, त्यांनी बाबांना का बोलावलं?" तिला काय सांगायचं ते तुम्ही कळवा.

आमच्या घरातली ही तुमची तिसरी गाडी. वडिलांनी पहिली घेतली तेव्हा तुमच्या वर्कशॉपचा मिस्त्री आधी बॉनेट उघडायचा, बिल नंतर व्हायचं. त्या विश्वासावर मी दुसरी कुठली गाडी बघितलीसुद्धा नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

प्लग आणि इंजेक्टर सफाईचे सगळे पैसे परत हवेत, दोष शोधण्याआधीच ते घेतले आहेत. मिसिंग अंगावर घेऊन गाडी चालवायला तुम्ही मला तीनदा रस्त्यावर सोडलं, म्हणून कन्व्हर्टरची तपासणी तुमच्या खर्चाने हवी आणि तो बिघडला असेल तर नवाही तुम्हीच बसवायचा. कोणती चाचणी केली आणि काय निघालं, हे जॉब कार्डवर लेखी हवं. त्या अॅडव्हायझरने माझी माफी मागावी, माझ्या मुलीसमोर.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय कुठे आहे याने मला फरक पडत नाही. बिलं, जॉब कार्डं आणि फोटो मी फाइलला लावले आहेत.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते. ट्रायल माणसं बसवून नांदुरीच्या चढावर होईल आणि मी गाडीत असेन. तोपर्यंत, आणि त्यानंतरही मी बघितल्याशिवाय, कोड कोणी पुसायचा नाही.

आपली ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक